स्पिअरमनचा गुणांक प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळा येतोय? आधी रँक तपासा

तक्रार नेहमीची आहे. डेटा तोच, दोन कॉलम तेच, पण स्पिअरमनचा क्रम सहसंबंध गुणांक (दोन कॉलमचे क्रम किती जुळतात ते सांगणारा आकडा) एक्सेलमध्ये ०.७७४, कागदावर सूत्राने ०.७५६ आणि आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये ०.७४४. कुणीतरी पायथनमध्ये काढलेला असतो, तो ०.८८१ निघतो. मग प्रश्न येतो: "कोणतं सॉफ्टवेअर चुकतंय?"

माझ्याकडे आलेल्या अशा प्रकरणांत गुणांक काढणारं फंक्शन जवळजवळ कधीच चुकलेलं नसतं. चूक त्याच्या एक पायरी आधी झालेली असते, रँक देताना, म्हणजे आकड्यांना लहान-मोठेपणानुसार क्रमांक देताना. स्पिअरमनने १९०४ मध्ये मांडलेला हा गुणांक म्हणजे दोन कॉलमच्या रँकवर काढलेला साधा पिअरसन गुणांक (दोन कॉलम एकत्र किती वाढतात-घटतात ते मोजणारा नेहमीचा सहसंबंध). रँक सारखे असतील तर जगातलं कोणतंही सॉफ्टवेअर एकच उत्तर देईल. उत्तरं वेगळी आली म्हणजे कुठेतरी रँक वेगळे पडलेत, किंवा रँकवर पिअरसनऐवजी दुसरं सूत्र लावलंय. म्हणून गुणांकाकडे टक लावून बसू नका, दोन्हीकडचे रँक छापून शेजारी शेजारी ठेवा. निम्मी प्रकरणं तिथेच सुटतात.

हे नीट दिसावं म्हणून आठ ओळींचा छोटा डेटा घेऊ. दोन परीक्षकांनी आठ नमुन्यांना १ ते ५ मध्ये गुण दिलेत.

नमुने: अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए, ऐ
पहिला परीक्षक: १, २, २, ३, ३, ३, ४, ५
दुसरा परीक्षक: २, १, ३, ३, २, ४, ५, ४

सारखे गुण भरपूर आहेत, म्हणजे टाय आहेत. पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीवर आठ नमुने बसवले की टाय होणारच. प्रश्नावलीचा डेटा असाच असतो, आणि सगळी गडबड इथूनच सुरू होते.

टाय झालेल्यांना कोणता रँक दिला?

पहिल्या परीक्षकाकडे तीन नमुन्यांना ३ गुण आहेत. लहानापासून मोजलं तर ते चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या जागी येतात. बरोबर पद्धत अशी की तिघांनाही त्या जागांची सरासरी, म्हणजे ५, द्यायची. २ गुणवाल्या दोघांना २.५. अशा सरासरी रँकनी पहिल्याचे रँक होतात १, २.५, २.५, ५, ५, ५, ७, ८ आणि दुसऱ्याचे २.५, १, ४.५, ४.५, २.५, ६.५, ८, ६.५. यांच्यावर पिअरसन काढला की ०.७४४ येतो. या डेटाचा स्पिअरमन तो हाच.

आता एक्सेलचं जुनं रँक फंक्शन (आणि त्याचंच नवं नाव रँक.ईक्यू) काय करतं ते बघा. टाय झालेल्या सगळ्यांना ते गटातला पहिला क्रमांक देतं. चढत्या क्रमाने लावलं तर पहिल्याचे रँक १, २, २, ४, ४, ४, ७, ८. दोन्ही परीक्षकांच्या रँकमधल्या फरकांच्या वर्गांची बेरीज १९ येते आणि पाठ्यपुस्तकातलं सूत्र (ते पुढे दिलंय) ०.७७४ देतं. त्याच रँकवर कोरेल (एक्सेलचं पिअरसन काढणारं फंक्शन) लावलं तर ०.७७२.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. या फंक्शनचा तिसरा आर्ग्युमेंट दिला नाही तर ते उतरत्या क्रमाने रँक देतं, सर्वांत मोठ्याला १. दोन्ही कॉलम एकत्र उलटवले तर गुणांक बदलायलाच नको. पहिला-शेवटचा म्हणायची दिशा फक्त बदलली. पण टायला गटातला पहिला क्रमांक दिला की दिशा बदलताच टाय गट दुसऱ्या टोकाला सरकतो. याच डेटावर उतरत्या क्रमाने बेरीज २५ येते आणि सूत्राचं उत्तर ०.७०२. कोरेलने ०.६९२. म्हणजे एका आर्ग्युमेंटमुळे ०.७७४ चं ०.७०२ झालं. आणि एक कॉलम चढता, दुसरा उतरता ठेवलात तर चिन्हच उलटं होईल. अनपेक्षित उणे गुणांक दिसला की निष्कर्ष लिहायला बसण्याआधी हे बघा.

उपाय: एक्सेल २०१० पासून रँक.एव्हीजी हे फंक्शन आहे. ते टायला सरासरी रँक देतं. दोन्ही कॉलमना ते लावा, दिशा एकच ठेवा, आणि त्या दोन रँक-कॉलमवर कोरेल लावा. एक्सेलमध्ये स्पिअरमनसाठी वेगळं फंक्शन नाही, त्यामुळे हाच सरळ मार्ग.

सहा गुणिले बेरीज वालं सूत्र

पाठ्यपुस्तकातलं सूत्र सगळ्यांना पाठ असतं: फरकांच्या वर्गांची बेरीज घ्या, ६ ने गुणा, एन (जोड्यांची संख्या) गुणिले (एन-वर्ग वजा १) ने भागा, १ मधून वजा करा. टाय नसतील तर ते पिअरसनच्याच सूत्राचं सोपं रूप आहे, उत्तर तंतोतंत जुळतं. टाय असले की जुळत नाही, सरासरी रँक दिले तरीही. आपल्या डेटावर सरासरी रँकच्या फरकांच्या वर्गांची बेरीज २०.५ येते. १ वजा (१२३ भागिले ५०४), म्हणजे ०.७५६. खरं उत्तर ०.७४४.

कारण सोपं आहे. ते सूत्र गृहीत धरतं की रँक १ ते ८ असे सुटे सुटे पसरलेत आणि त्यांच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज ४२ आहे. टायमुळे रँक मध्याकडे गोळा होतात: पहिल्या परीक्षकाची ती बेरीज ३९.५ वर येते, दुसऱ्याची ४०.५ वर. छेद छोटा झाला, पण सूत्राला ते ठाऊक नाही.

टाय एखाद-दुसरा असेल तर फरक तिसऱ्या दशांशात राहतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. प्रश्नावलीच्या डेटात तसं होत नाही. त्यामुळे माझा आग्रह असतो: सॉफ्टवेअर हाताशी असताना हे सूत्र वापरूच नका. सरासरी रँक, मग पिअरसन. टाय असोत-नसोत, हे कायम बरोबर येतं.

यातूनच आणखी एक गोंधळ होतो. आरमधलं कॉर.टेस्ट फंक्शन गुणांकाबरोबर "एस" नावाचा आकडा छापतं. लोक तो फरकांच्या वर्गांची बेरीज समजून स्वतःच्या २०.५ शी ताडून बघतात आणि घाबरतात, कारण तिथे २१.५२ असतं. टाय असताना तो एस गुणांकावरून उलटा काढलेला असतो: ५०४ गुणिले (१ वजा गुणांक) भागिले ६. तुमची बेरीज चुकलेली नाही आणि आरही चुकलेलं नाही.

पायथनचा ०.८८१ कुठून आला?

ही चूक मी सर्वाधिक वेळा दुरुस्त केली आहे, म्हणून इथे जरा थांबतो. रँक हवेत म्हणून लोक पायथनच्या नमपाय लायब्ररीतलं आर्गसॉर्ट लावतात, किंवा आरमध्ये ऑर्डर. नाव ऐकून रँकच वाटतो. पण ऑर्डर रँक देत नाही. ते सांगतं की क्रमवारी लावायची तर कोणत्या जागेवरचा आकडा आधी उचलायचा. ३०, १०, २० घ्या. रँक ३, १, २. ऑर्डर मात्र २, ३, १: सर्वांत लहान आकडा दुसऱ्या जागी आहे, मग तिसऱ्या, मग पहिल्या. दोन कॉलमच्या ऑर्डरवर काढलेल्या सहसंबंधाला काहीही अर्थ नाही, आणि सॉफ्टवेअर त्याबद्दल इशारा देत नाही, कारण आकड्यांची गणितं तर होतात.

हे कळलं की लोक आर्गसॉर्ट दोनदा लावतात. दोनदा लावल्यावर खरोखर रँक मिळतात, पण टाय फोडलेले. सारख्या आकड्यांपैकी जो आधीच्या ओळीत दिसला त्याला सहसा लहान रँक. आपल्या आठ ओळींवर तसं केलं की बेरीज १० येते आणि गुणांक ०.८८१. आता याच आठ ओळी खालून वर लिहा, ऐ पासून अ पर्यंत. एकाही नमुन्याचा एकही गुण बदललेला नाही. बेरीज ४४ होते आणि गुणांक ०.४७६.

०.८८१ आणि ०.४७६, केवळ ओळींच्या क्रमामुळे. फाइल नावानुसार सॉर्ट केली की एक निष्कर्ष, तारखेनुसार केली की दुसरा. पांडाज (पायथनचीच आणखी एक लायब्ररी) च्या रँकमध्ये "फर्स्ट" पद्धत निवडली किंवा एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत रो-नंबर वापरला तरी हेच होतं.

एसक्यूएलवरून डेटा घेणाऱ्यांसाठी आणखी एक. डेन्स-रँक टाय झाल्यावर मधले क्रमांक न गाळता पुढे जातं. आपल्या डेटात १ ते ५ सगळे गुण आलेत, म्हणून डेन्स-रँक म्हणजे मूळ गुणच. त्यावर सहसंबंध काढला तर ०.७०० येतो, आणि तो मूळ गुणांचा पिअरसन आहे, स्पिअरमन नव्हेच. साधं रँक म्हणजे एक्सेलची जुनी पद्धत. सरासरी रँक देणारं प्रमाण फंक्शन एसक्यूएलमध्ये नाही, तेव्हा रँक तिथे काढूच नका. मूळ आकडे बाहेर आणा.

तसंच, आरच्या कॉर फंक्शनला किंवा पांडाजच्या कॉरला पद्धत सांगितली नाही तर दोन्ही गुपचूप पिअरसन काढतात. ०.७०० दिसला तर हेही एक कारण असू शकतं. एसपीएसएस या सॉफ्टवेअरच्या बायव्हेरिएट खिडकीतही पिअरसनवर टिक आधीच असते, स्पिअरमनवर आपण करायची असते.

उपाय: आरमध्ये रँक (मूळची सेटिंग सरासरीचीच आहे), पांडाजमध्ये रँक (तिथेही तेच), पायथनच्या सायपाय लायब्ररीत रँकडेटा. किंवा सरळ तयार स्पिअरमन फंक्शन वापरा आणि रँक फक्त पडताळणीसाठी छापा.

रिकाम्या जागा आणि ९९

रँक द्यायच्या आधी गाळायचं की नंतर? या प्रश्नाचं उत्तर एकच: आधी. समजा ए या नमुन्याला दुसऱ्या परीक्षकाने गुणच दिले नाहीत. बरोबर पद्धत म्हणजे ए ची ओळ आधी काढा, उरलेल्या सातांना नव्याने रँक द्या. गुणांक ०.६६४. पण एक्सेलमध्ये रँकचा कॉलम आधीच तयार असतो आणि कोरेल रिकामी जोडी सोडून पुढे जातं. मग पहिल्या कॉलमात ऐ चा रँक ८ तसाच राहतो, जरी आता जोड्या सातच आहेत. उत्तर ०.६७४. फरक लहान दिसतो, पण रिकाम्या जागा वाढल्या की वाढतो.

तयार फंक्शनं हे बहुतेक नीट हाताळतात, पण प्रत्येकाची रीत वेगळी. आरचं कॉर काही न सांगितल्यास एनए (म्हणजे उत्तर नाही) परत देतं, कॉर.टेस्ट अपुऱ्या जोड्या स्वतःहून गाळतं. सायपायचं स्पिअरमनआर नॅन परत देतं, त्याचाही अर्थ उत्तर नाही. अनेक कॉलमचं कोष्टक काढताना एसपीएसएस आणि पांडाज प्रत्येक जोडीपुरतं गाळतात, तर स्टेटा या सॉफ्टवेअरचं स्पिअरमन काही न सांगितल्यास एकाही कॉलमात रिकामं असेल तर ती ओळच सगळीकडून काढतं. म्हणून दोन सॉफ्टवेअरची कोष्टकं जुळत नसतील तर गुणांकाआधी एन जुळतो का ते बघा. एन वेगळा असेल तर पुढची चर्चाच नको.

९९ चा प्रकार सर्वांत घातक. रिकाम्या उत्तराला ९९ भरायची पद्धत आहे, आणि सॉफ्टवेअरला ते सांगायचं राहून जातं. "क्रम सहसंबंधावर टोकाच्या आकड्यांचा परिणाम होत नाही" असं वाचलेलं असतं, त्यामुळे कुणी काळजी करत नाही. परिणाम मर्यादित असतो हे खरं, पण ९९ ला सर्वांत वरचा रँक मिळतो हेही तितकंच खरं. दुसऱ्या परीक्षकाच्या कॉलमात ए च्या जागी ९९ आला तर गुणांक ०.७४४ च राहतो, कारण ए तसाही सर्वांत वर होता. चूक दिसतच नाही. तोच ९९ अ च्या जागी आला तर गुणांक ०.१३० वर कोसळतो. अ ची ओळ नीट गाळली असती तर ०.७३४ आला असता. प्रत्येक कॉलमची सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी किंमत बघायला काही सेकंद लागतात, ती बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शब्दांचे आकडे

उत्तरं "कमी", "मध्यम", "जास्त" अशी शब्दांत असतील तर आर किंवा पांडाज त्यांना प्रवर्ग बनवताना क्रम स्वतः ठरवतं, आणि तो वर्णमालेचा असतो. क, ज, म. म्हणजे कमी १, जास्त २, मध्यम ३. गुणांक निघतो, पी-व्हॅल्यू (संबंध नसताना एवढा गुणांक योगायोगाने येण्याची शक्यता) निघते, आणि सगळं चुकीचं असतं. याच्या उलट "उत्तम, चांगले, बरे, वाईट" या शब्दांचा वर्णक्रम योगायोगाने अर्थाच्या क्रमाशी जुळतो (फक्त उलट दिशेने), त्यामुळे एका प्रश्नावर सगळं ठीक दिसतं आणि दुसऱ्यावर फसतं. क्रम आपण हाताने द्यायचा, मग आकड्यात बदलायचं.

आकडे मजकूर म्हणून साठवलेले असले तरी तेच: मजकुराच्या क्रमात १० हा २ च्या आधी येतो.

इशारा आला: टाय आहेत, अचूक पी-व्हॅल्यू काढता येत नाही

आरचा हा इशारा पाहून लोक डेटातले टाय मोडायला लागतात, आकड्यांत बारीकशी यादृच्छिक भर घालून. कृपा करून असं करू नका. वर ०.८८१ आणि ०.४७६ चं जे झालं, तेच तुम्ही स्वतःच्या हाताने घडवत असता.

इशारा फक्त पी-व्हॅल्यूबद्दल आहे. गुणांक बरोबरच आहे. टाय नसताना आर लहान नमुन्यासाठी सगळे क्रमबदल मोजून अचूक पी-व्हॅल्यू देतं (जोड्या १० पेक्षा कमी असतील तर). टाय असले की ती मोजणी लागू पडत नाही, म्हणून टी-वितरणावरून अंदाजी पी-व्हॅल्यू देतं. आपल्या डेटावर ती ०.०३४ येते. सायपाय मुळातच टी-वितरण वापरतं, त्यामुळे तिथेही ०.०३४. गंमत अशी की टाय नसलेल्या छोट्या डेटावर दोघांच्या पी-व्हॅल्यू जुळत नाहीत, गुणांक जुळूनही. ती चूक नाही, पद्धतीचा फरक आहे.

नमुना लहान आणि टाय भरपूर, अशी स्थिती असेल तर क्रमबदल चाचणी करा. एक कॉलम तसाच ठेवा, दुसरा पुन्हा पुन्हा पिसा, दर वेळी गुणांक काढा आणि तुमच्या गुणांकाइतका किंवा त्याहून टोकाचा किती वेळा आला ते मोजा. आठ ओळींचे एकूण क्रमबदल ४०,३२० होतात, संगणक ते सगळेच मोजू शकतो. मोठ्या डेटात १०,००० वेळा पिसलं तरी काम होतं. त्या वेळी मोजणीत १ मिळवा, एकूण वेळांतही १ मिळवा, मग भागा, आणि यादृच्छिक बीज (पिसणं जिथून सुरू होतं तो आकडा) नोंदवून ठेवा म्हणजे पुढच्या वेळी तेच उत्तर मिळेल.

केंडॉलचा टाऊ लहान का येतो?

कारण तो वेगळी गोष्ट मोजतो. मॉरिस केंडॉलने १९३८ मध्ये मांडलेला हा गुणांक जोड्या मोजतो: दोन नमुन्यांबद्दल दोन्ही परीक्षकांचा क्रम जुळला की नाही. आपल्या आठ नमुन्यांच्या २८ जोड्या होतात. १८ जुळतात, ३ उलट आहेत, ४ पहिल्याकडे टाय, ३ दुसऱ्याकडे टाय. १८ वजा ३ म्हणजे १५. आता या १५ ला कशाने भागायचं यावरून नावं बदलतात. सगळ्या २८ ने भागलं तर टाऊ-ए, ०.५३६. टाय वगळून उरलेल्या २४ आणि २५ च्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागलं तर टाऊ-बी, ०.६१२. टायच नसल्यासारखं फक्त २१ ने भागलं तर गुडमन-क्रुस्कलचा गॅमा, ०.७१४. टाऊ-सी कोष्टकाच्या आकारावरून काढतात, तो इथे ०.५८६.

आर, सायपाय आणि एसपीएसएसची बायव्हेरिएट खिडकी टाऊ-बी देतात. स्टेटाचं केटाऊ टाऊ-ए आणि टाऊ-बी दोन्ही छापतं. एसपीएसएसच्या क्रॉसटॅबमध्ये टाऊ-बी, टाऊ-सी, गॅमा तिन्ही शेजारी शेजारी असतात, आणि तिथून सर्वांत मोठा उचलायचा मोह होतो. कोणता हवा हे आधी ठरवा. अहवालात नुसतं "केंडॉल" लिहू नका, अक्षरासकट लिहा. स्पिअरमनचा ०.७४४ आणि टाऊ-बीचा ०.६१२ यांची आपसात तुलना करू नका, मोजपट्ट्या वेगळ्या आहेत.

एवढं करूनही जुळत नसेल

दोनच ठिकाणं उरतात. एक, दशांशातले खोटे फरक. ०.१ आणि ०.२ ची बेरीज संगणकात नेमकी ०.३ होत नाही. त्यामुळे सूत्राने काढलेला ०.३ आणि टाइप केलेला ०.३ यांचा टाय व्हायला हवा तिथे वेगळे रँक पडतात. सरासरी किंवा टक्केवारी काढून मग रँक देणाऱ्यांना हे हमखास भेटतं. रँक देण्याआधी दोन्हीकडे सारख्या दशांशांपर्यंत पूर्णांकन करा.

दोन, गुणांकाच्या जागी एनए किंवा नॅन, आणि रिकामी जागा एकही नाही. मग एखाद्या कॉलमात सगळे आकडे एकच आहेत. सगळ्यांचा रँक सारखा, विचलन शून्य, आणि शून्याने भागता येत नाही. तिथे गुणांक अस्तित्वातच नाही, तो शून्य लिहू नका. बहुतेकदा गट पाडताना एखादा गट इतका लहान झालेला असतो की सगळ्यांनी एकच उत्तर दिलंय. प्रत्येक गटाचा एन छापला की कोणता गट ते लगेच सापडतं.